ब्रास मोजता, तसा कडाही मोजा

दगडखाणीत महसूल खात्याचा माणूस येतो तो बहुधा ब्रासचा हिशेब लावायला. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, त्यावर महाराष्ट्रात 600 रुपये स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी. दगड किती निघाला आणि रॉयल्टी कितीची भरली याचा ताळा घेण्यासाठी ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) या मोजणी यंत्राने अख्खा खड्डा मोजतात. या मोजणीत खड्ड्याची खोली येते, तसाच कडा किती उभा आहे हेही येते. म्हणजे त्या कड्याखाली ब्रेकर चालवणाऱ्या मजुराच्या डोक्यावर काय लटकते आहे, हे सांगणारे आकडे सरकारच्याच फायलीत असतात. पण त्या नजरेने ते वाचणे हे महसूल खात्याचे काम नाही. सुरक्षेचे काम धनबादला मुख्यालय असलेल्या केंद्रीय खाणसुरक्षा महासंचालनालयाचे, आणि तालुक्यातालुक्यात विखुरलेल्या छोट्या खाणींपर्यंत त्याची तपासणी कितीशी पोचणार?

धातुखाणींसाठीचे 1961चे विनियम दगडखाणींनाही लागू होत आले. माती-मुरमासारख्या सैल थरात कड्याला पायऱ्या पाडायच्या, पायरी दीड मीटरपेक्षा उंच नको आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको, असे ते स्पष्ट सांगतात. पायऱ्या पाडायच्या तर वरचा थर आधी मागे सारावा लागतो, म्हणजे दगड हाती लागण्याआधीच पोकलेनचे भाडे आणि डिझेल अंगावर पडते. म्हणून पायथ्याशीच कोरत जाण्याचा मोह होतो आणि वरचा भाग आधाराविना राहतो. नोव्हेंबर 2022 मध्ये मिझोरामच्या हनाथियाल जिल्ह्यात दगडखाण कोसळून 12 मजूर गेले. त्याच वर्षी 1 जानेवारीला हरियाणातल्या दादमलाही दरड मजुरांवर आली होती. अशा घटनांना नैसर्गिक आपत्ती म्हणणे मला मान्य नाही.

आता सरकारी मदतीकडे पाहू. 1957च्या खाण व खनिज कायद्यातल्या 2015च्या दुरुस्तीने खनिज शोधासाठी राष्ट्रीय न्यास उभा केला, त्यात खाणपट्टेधारकांनी स्वामित्वधनाच्या 2 टक्के भरायचे ठरले. 2023 मध्ये खासगी कंपन्यांसाठी अन्वेषण परवाना आला. जानेवारी 2025 मध्ये दुर्मीळ व महत्त्वाच्या खनिजांच्या मोहिमेला केंद्राने 16,300 कोटी रुपये मंजूर केले. जमिनीखाली काय आहे हे ठाऊक नसताना एकट्या गुंतवणूकदाराने जोखीम का घ्यावी, हा त्यामागचा विचार रास्तच आहे. पण जोखीम वाटून घ्यायची, तर ती फक्त भांडवलाचीच का? जिल्हा खनिज प्रतिष्ठान त्याच दुरुस्तीतून आले आणि खाणीमुळे होणाऱ्या आजारांवर त्याचा पैसा खर्च करता येतो. दगडाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसाच्या आजारासाठी राजस्थानने 2019 मध्ये स्वतंत्र धोरण करून रुग्णाला आणि त्याच्या वारसांना अर्थसाहाय्य ठरवले. आपल्याकडे या प्रतिष्ठानाच्या निधीतून दहा-पंधरा छोट्या खाणींत मिळून एक पात्र खाण अभियंता नेमावा, ड्रिल आणि क्रशरवर धूळ दाबणाऱ्या पाण्याची सोय करावी. धुळीने फुप्फुस निकामी झाल्यावर द्यायच्या मदतीपेक्षा हा खर्च आधीचा आणि अधिक मोलाचा आहे.

मालकाचे कर्तव्य सरकारी पैशाने का पार पाडायचे, हा आक्षेप वजनदार आहे. मालकाची कायदेशीर जबाबदारी तसूभरही कमी होता कामा नये. मदत अटीवर द्यावी आणि अट मोडली तर वाहतूक पास बंद करावा. खडी महागेल, असेही म्हटले जाईल. थोडी महागेलही. पण खडीचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक सरकारच आहे, तेव्हा पायऱ्या पाडण्याचा खर्च सार्वजनिक बांधकामच्या दरसूचीत धरणे त्याच्याच हातात आहे.

खाणसुरक्षा केंद्राचा विषय आहे, राज्य काय करणार, हे उत्तर मात्र पटत नाही. गौण खनिजाचे नियम करण्याचा आणि खाणपट्ट्याच्या अटी ठरवण्याचा अधिकार 1957च्या याच खाण व खनिज कायद्याच्या कलम 15ने राज्यालाच दिला आहे. ईटीएसच्या अहवालात कड्याची उंची आणि पायरीची रुंदी असे दोन रकाने वाढवायचे आणि ते भरल्याशिवाय पट्ट्याचे नूतनीकरण करायचे नाही, एवढी अट मंत्रालयातून घालता येते.