जुन्या मोटारीवरील नांव

पालघर, केळवें-माहीम, चिंचणी, तारापूर या बाजूस एखाद्या घराच्या पडवींत किंवा वाडींतील पत्र्याच्या आडोशाखालीं जुनी फियाट अथवा प्रीमियर पद्मिनी अजून उभी असलेली आढळते. ती पुन्हां चालती करण्याची हौस अलीकडे कांहीं घरांत दिसूं लागली आहे. या हौसेबद्दल आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती शेवटल्या हाताबद्दल. यंत्र दुरुस्त झालें, रंग चढला, कीं मालक दारांचें आंतील अस्तर उपटून तेथें चकचकीत परकें अस्तर ठोकवितो आणि मागील झाकणावरचें ‘पद्मिनी’ हें नांव काढून ‘फियाट’चें बिरुद लावितो. पहिली गोष्ट अरसिकपणाची. दुसरी आमच्या मतें असत्याची आहे.

फियाट ही इटलीची कंपनी. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत प्रथम अमेरिकन गाड्या जोडल्या गेल्या व पुढें फियाट ११००. हळूहळू एकेक भाग येथेंच घडूं लागला आणि १९७० नंतरच्या दशकांत विलायती नांव जाऊन चितोडच्या राणीचें नांव गाडीवर आलें. लोकांच्या तोंडीं ‘फियाट’ हेंच राहिलें, तें खुशाल राहूं द्यावें. घरांत लाडानें कोणास कांहींही म्हणावें, पण शाळेच्या दाखल्यांत खरेंच नांव लिहावें लागतें. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. म्हणजे हीं अक्षरें आतां दुर्मिळच होत जाणार.

कोणी म्हणेल, गाडी माझी, पैसा माझा. खरें आहे. परंतु गाडी उद्यां विकली जाते व घेणारा त्या खोट्या बिरुदाचे पैसे मोजतो. शिवाय केंद्र सरकारनें २०२१ सालीं केलेल्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस वेगळी नोंदणी दिली आहे, ती मूळ स्वरूपांत राखलेल्या गाडीसच. पहिल्या पद्मिनींचीं पन्नास वर्षें नुकतींच भरलीं आहेत.

आतां अस्तराविषयीं. आमच्या किनाऱ्याची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस हे दारांचे मोठे शत्रू. कांच खालीं उतरण्याच्या फटींतून पाणी दाराच्या पोकळींत जातें. तें वाहून जावें म्हणून तळाशीं बारीक भोंकें ठेविलेलीं असतात. तीं मातीनें बुजलीं कीं पाणी साचतें, पत्रा गंजतो, आणि अस्तरामागचा पुठ्ठ्याचा तक्ता ओल शोषून फुगतो. पुष्कळ लोक हें न पाहतां वर नवें रेक्झिन डकवून मोकळे होतात. पुढल्या पावसाळ्यांत पुन्हां तेंच! आधीं हँडल व हाताचा टेका काढावा आणि क्लिपा एकेक सैल कराव्या. जुना तक्ता कितीही कुजका असो, फेंकूं नये. तो कागदावर ठेवून आंखून घ्यावा, कारण भोंकांच्या जागा त्यावरूनच कळतात. (भूमितीच्या तासास न लागणारें मन या आंखणींत लागतें, असा आमचा कयास आहे; पालकांनीं सुटींत मुलामुलींस हें काम देऊन पाहावें.) मग तळाचीं भोंकें मोकळीं करावीं, गंज घासून रंग द्यावा, तक्ता व पत्रा यांमध्यें प्लॅस्टिकचा पडदा ठेवावा. जुनें रेक्झिन आधीं साबणपाण्यानें धुवून पाहावें. मळाखालीं मूळचा रंग पुष्कळदां शाबूत निघतो.

नांवाच्या अक्षरांचें काम अधिक नाजूक. त्या काळचीं अशीं चिन्हें पुष्कळदां जस्ताच्या मिश्रधातूचीं ओतीव असत व वर तांबें, निकेल आणि क्रोमियम यांचा मुलामा असे. खाऱ्या हवेनें मुलाम्याखालीं धातू खचतो व वर फोड येतात. अशीं अक्षरें बाहेरून पेचकसानें उचकटलीं तर खिळे मोडतात. म्हणून झाकणाच्या आंतल्या बाजूनें पकड सैल करावी. पुन्हां मुलामा देणाऱ्या कारागिरास बजावून सांगावें, कीं चाकावर फार घासूं नको. धातू मऊ असल्यामुळें अक्षरांची धारच निघून जाते. थोडे खड्डे राहिले तरी चालतील. अक्षर हरवलें असल्यास त्याच सालच्या गाडीवरील अक्षराचा सांचा घेऊन नवें ओतून घ्यावें, अथवा मुंबईच्या चोरबाजारांत धीर धरून शोधावें. मिळेपर्यंत झाकणावर नुसतीं दोन भोंकें दिसतील. दिसोत.