गोळी वेगावर नाही, लॉटवर निवडा

आजचा विषय जरा वेगळा. पॉइंट टू-टू रायफलची गोळी कुठली घ्यावी? हल्ली आयटीतल्या पोरांना वीकेंडला रेंजवर जायची हौस लागलीय. चांगलंच आहे. पण जो तो एकच विचारतो, "सगळ्यात फास्ट कुठली?" माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा.

हा आला कुठून? अमेरिकन शिकाऱ्यांच्या व्हिडिओंतून. तिकडे ससे-खारी मारतात, म्हणून वेगवान, टोकाला पोकळ, आत शिरून फुलणारी गोळी लागते. आपल्याकडे ससा काय नि तितर काय, दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. आमच्या शिवडीला फ्लेमिंगो उतरतात तेव्हा लोक दुर्बिणी घेऊन येतात, आणि तेच बरोबर आहे. मग शिकारीचे निकष कागदाच्या टार्गेटला कशाला?

आता टार्गेटचं गणित. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर. मॅचची गोळी मुद्दाम त्याखाली, ३३० च्या आसपास ठेवलेली असते. 'हाय व्हेलॉसिटी' गोळी ३७५ ने सुटते आणि टार्गेटजवळ पोचेपर्यंत आवाजाच्या वेगाखाली घसरते. त्या टप्प्यात ती डगमगू शकते. वर आडव्या वाऱ्यात हळू गोळीपेक्षा जास्त सरकते. म्हणजे वेग कमावला, नेम गमावला!

दुसरी जमात ब्रँडवाल्यांची. महाग ती चांगली, विषय संपला. नाही हो. रिमफायरमध्ये पेट घेणारं रसायन काडतुसाच्या कडेत भरलेलं असतं. ते सगळीकडे सारखं पसरलं नाही की गोळीगणिक वेग बदलतो. त्यामुळे एकाच ब्रँडचे दोन लॉट वेगळे वागतात, आणि एका नळीला मानवलेला लॉट शेजारच्या नळीला मानवत नाही. एली, लापुआ या कंपन्या टेस्ट रेंज उगाच चालवत नाहीत. नेमबाज तिथे स्वतःची रायफल घट्ट बसवून लॉट तपासतात. आपण तरी ब्रोशर वाचून सर्व्हर घेतो का? आपल्या लोडवर चालवूनच बघतो ना?

"हे ऑलिंपिकवाल्यांचं, हौशी माणसाला कशाला?" असं म्हणाल. पण ऑलिंपिकवालाही आधी कुठल्यातरी क्लबातला पोरगाच असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ जिंकलं. गोळ्यांसाठी त्याच्या वडिलांनी कर्ज काढल्याचं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. आपल्यासारख्या पगारदारांचे चार बॉक्स फुकट गेले तर वीकेंडची पार्टी बुडते. अशा घरातल्या पोराचा सराव बुडतो.

म्हणून रायफल क्लबांनी वर्षातून एक दिवस लॉट तपासणीला द्यावा. देशी-परदेशी चार-पाच लॉट आणा, प्रत्येक रायफलमधून दहा-दहा गोळ्यांचे गट पाडा, कुणाला काय जमलं ते लिहून ठेवा आणि तीच मागणी एकत्र नोंदवा. एकेकट्यानं अंदाजपंचे बॉक्स घेण्यापेक्षा हे नक्कीच स्वस्त पडेल.

पटलं नसेल तर खुशाल भांडा. फक्त आधी पाच गट मारून या!