पाण्यातला कुत्रा, कोरडी हौस

आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, नव्या बंगल्याच्या फाटकावर दोन गोष्टी हटकून दिसतात. एक, ‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही पाटी. आणि दुसरी, त्या पाटीखाली येणाऱ्याजाणाऱ्याला पाहून शेपूट हलवणारा लॅब्रेडोर. मालकाला विचारावे तर उत्तर ठरलेले: “साहेब, अस्सल शिकारी जात! आणि पाण्यात तर नुसता मासा!” या दोन फुशारक्यांचा एकदा सोक्षमोक्ष लावलाच पाहिजे, कारण त्यांच्यापायी एका मुक्या जनावराचा जन्म साखळीला जातो आहे.

प्रथम शिकार. लॅब्रेडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावरचे. तिथल्या कोळ्यांबरोबर थंडगार समुद्रात उड्या टाकायच्या, जाळ्यांचे दोर ओढायचे, निसटलेले मासे पकडून आणायचे, हा त्यांचा धंदा. एकोणिसाव्या शतकात इंग्रज उमरावांनी हे कुत्रे आपल्याकडे नेले आणि बंदुकीने पाडलेली पाखरे दाताचा व्रण न उमटवता आणून देण्याच्या कामी लावले. १९०३ साली तिथल्या केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली. थोडक्यात, लॅब्रेडोर शिकार मारीत नाही. मारलेली उचलून आणतो. कर्जत-जामखेडच्या उघड्या माळावर पळत्या जनावरामागे धावणारा कुत्रा दख्खनने स्वतःच घडवला आहे: लांब तोंडाचा, पोट पाठीला लागलेला कारवान. त्याच्या शर्यतीत लॅब्रेडोरला उतरवणे म्हणजे पखालीच्या रेड्याला घोड्यांत उभे करणे!

पण हा वादही आता शिळा झाला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर काळवीटच काय, ससा किंवा तित्तर मारणेही गुन्हा आहे. रेहेकुरीला १९८० सालापासून काळविटांचे अभयारण्य आहे. तिथे जावे, डोळे भरून पाहावे आणि कुत्रा घरी ठेवून जावे.

“बरे, शिकार नको, राखण तरी करील ना?” कुणाची राखण? जो चोरालाही पाहुणा समजतो, त्याला बिबट्याच्या मुलखात रात्री ओसरीवर बांधणे म्हणजे बिबट्याला पान वाढून ठेवणे. याच जिल्ह्यात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के भक्ष्य पाळीव जनावरांचे निघाले. नुसत्या कुत्र्यांचाच वाटा ३९ टक्के होता!

आता पोहणे. ही फुशारकी मात्र सोळा आणे खरी आहे, आणि म्हणूनच मालकाचा अपराध मोठा आहे. पाणी आत शिरू न देणारी दुहेरी लव, बोटांमधले पडदे, सुकाणूसारखी जाड शेपूट. हा देह पाण्यासाठीच घडला आहे. जिल्ह्यात पाण्याची जागाच नाही म्हणावे, तर प्रवरेवर १९२६ साली बांधून झालेले भंडारदरा आहे, राहुरीजवळ मुळा धरण आहे, गावोगाव पाझर तलाव आहेत. पण या पट्टीच्या पोहणाऱ्याच्या नशिबी काय? वैशाखात तापलेली फरशी, चार हात साखळी आणि एक जर्मनची थाळी! त्यात लाडाचे खाणे. मुळात ही जात खादाड. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना सुमारे चौथा हिस्सा लॅब्रेडोरांत भूक न भागू देणारा जनुकीय दोष आढळला. आणि आम्ही त्याला फराळाचे ताट दाखवतो! बेदाणे तर कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषासमान.

पाणी द्या याचा अर्थ विहिरीत सोडा असा नव्हे. कठडा नसलेली विहीर आणि उभ्या भिंतींचा कालवा यांतून उत्तम पोहणाराही वर येऊ शकत नाही. उतरता काठ पाहावा, पहाटेची वेळ धरावी, काठी फेकावी आणि ती आणू द्यावी. शिकारीवाचून त्याच्या जन्माचे सार्थक एवढ्यावर होते.

“आम्हा नोकरदारांना रोज एवढा वेळ कुठला?” मग घेऊ नका! घराला शोभा हवी असेल तर आकाशकंदील लावा. यंदा पाडव्याला मुलांनी पिल्लाचा हट्ट धरला, तर त्यांना आधी नेवाशाजवळच्या देवगडला न्या. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात. त्यांच्या गळ्यात साखळी असते का, हे मुलांनाच विचारा. मग पिल्लाला रोज पहाटे तळ्यावर कोण नेणार, तेही विचारा. घरातून एकही हात वर आला नाही, तर विषय तिथेच संपला.