रीलमध्ये मुखडा राहतो, कवीचे नाव कापले जाते

वरूड-मोर्शी पट्ट्यातील आपल्या तरुणांनी मोबाईललाच वृत्तपत्र केले आहे. १४ एप्रिलची मिरवणूक असो की विहारातील व्याख्यान, रात्रीपर्यंत यूट्यूबवर येतेच. मग त्यावर कॉपीराइटचा दावा येतो आणि प्रश्न विचारला जातो, भीमगीतावर कोणाची मालकी? ते तर समाजाचे!

भावना खरी आहे, कायदा मात्र वेगळा आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट राहतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ चे, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुले आहेत. ‘जातिसंहार’चे मूळ इंग्रजी भाषण वाचून टाका, कोणाची परवानगी नको. मात्र मराठी अनुवाद घेतला तर अनुवादकाचा हक्क वेगळा, नव्या आवृत्तीतील प्रस्तावना आणि टिपांचाही वेगळा. मृत्यूनंतर प्रथम छापलेल्या लेखनाची ६० वर्षे प्रसिद्धीपासून मोजतात. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ १९८७ मध्ये शासनाच्या चौथ्या खंडात आले, म्हणजे त्याची मुदत २०४७ अखेर संपेल.

गाण्यांचे तर आणखी गुंतागुंतीचे आहे. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, त्यांच्या शब्दांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत राहील. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, ध्वनिमुद्रण कंपनीचे, असे एका गाण्यात तीन हक्क असतात. (चाल सिनेमाची उचललेली असेल तर तिथे आणखी कोणी मालक निघतो, आणि आपल्याकडे अशी भीमगीते कमी नाहीत.) स्वतः गाऊन टाकले तरी शब्द आणि चालीची परवानगी लागतेच.

दावा आणि स्ट्राइक यांत गल्लत करू नका. दाव्यात बहुधा जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात, व्हिडिओ राहतो. स्ट्राइक गंभीर आहे. ९० दिवसांत तीन झाले की चॅनेल बंद होऊ शकते. मे २०२५ मध्ये यूट्यूबर मोहक मंगल यांनी एएनआयवर आरोप केला की काही सेकंदांच्या क्लिपवरून स्ट्राइक देऊन ते मागे घेण्यासाठी लाखो रुपये मागितले गेले. एएनआयने त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला. चळवळीचे छोटे चॅनेल असा दबाव किती दिवस सोसेल?

कलम ५२ आपल्याला काही जागा देते. टीका, समीक्षण आणि चालू घडामोडींच्या बातमीसाठी रास्त वापर चालतो. धार्मिक विधीत, लग्नाची वरात धरून, गाणे वाजवता येते. पण ही सूट त्या प्रसंगापुरती आहे. मिरवणुकीच्या बातमीत मागे चार ओळी ऐकू आल्या तर बाजू मांडता येते. तेच गाणे अख्खे लावून ड्रोनची दृश्ये जोडली, तर ती बातमी म्हणणे कठीण.

आमचा खरा आक्षेप मात्र यूट्यूबवर नाही. भीमगीताच्या शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफतो. तीस सेकंदांच्या रीलमध्ये मुखडा राहतो आणि नेमके ते कडवे गळते. खाली गायकाचे नाव, नाहीतर आपल्या चॅनेलचा लोगो. ज्या शाहिरांनी गावोगावच्या वस्त्यांत पेट्रोमॅक्सच्या उजेडात गाऊन चळवळ उभी केली, त्यांना पैसे क्वचितच मिळाले. आता नावही जाते आहे. कलम ५७ नुसार हक्क विकला तरी रचनेवर आपले नाव असण्याचा कवीचा अधिकार उरतो.

वऱ्हाडातले कितीतरी कवी, गायक आजही हयात आहेत, फोनवर मिळतात. जयंतीच्या आधी त्यांच्याकडून, किंवा कवी नसतील तर वारसांकडून, कोणते गाणे, कोणत्या चॅनेलवर, किती काळ, एवढे लिहून सही घ्या. गाणे कंपनीने काढले असेल तर कंपनीलाही विचारावे लागेल. वर्गणीच्या हिशेबात बँडवाल्याच्या ओळीखाली कवीचे मानधनही लिहा.