ढगाला लावलेला नळ

आरोग्यशिबिरांसाठी आपण ज्या पुस्तिका काढतो, त्या इतक्या रुक्ष का असतात? बाईला तिच्या शरीराचं विज्ञान कळावं म्हणून लिहायचं, आणि दुसऱ्या पानावर तिला पेंग यावी! मी स्वतः अशा दोन लिहिल्यात, म्हणून बोलतेय. तिसरीत जरा थट्टा घातली होती. छापणाऱ्या संस्थेने ती गाळली. का, तर विज्ञान हा गंभीर विषय आहे.

तेव्हापासून मी शिबिरात बेगम रुकय्या सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज् ड्रीम’ ही गोष्ट माझ्या भाषेत सांगते. १९०५ साली ती मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये आली. लिहिणारी बंगालची, पडद्यात वाढलेली, घरीच भावाकडून इंग्रजी शिकलेली. तिच्या स्त्रीराज्यात पुरुष मर्दान्यात नि बायका प्रयोगशाळेत. स्वयंपाक उन्हावर, ना धूर, ना कोळसा. कचेरीचं काम दोन तासांत उरकतं, कारण पुरुषाचे दिवसाला बारा चिरूट, एकेकाला अर्धा तास, म्हणजे सहा तास नुसता धूरच! एका विद्यापीठातल्या बायका फुग्याला नळ्या जोडून ढगातलं पाणी उतरवतात. दुसऱ्यातल्या ऊन साठवतात नि युद्धात तेच शत्रूवर सोडतात.

टँकरवर जगणाऱ्या एका वस्तीत ही गोष्ट सांगत होते. पाण्याचा भाग आला आणि हसणाऱ्या बाया एकदम गप्प झाल्या. मग एक आजी म्हणाली, “ढगालाच नळ लावला की गं! हे बाईलाच सुचणार. हंडा कुणाच्या डोक्यावर असतोय?” पुढे तासभर बोलणं चाललं. संशोधन कशावर व्हायचं हे ठरवतं कोण, हा प्रश्न माझ्या पुस्तिकेतही होता, नवव्या पानावर. तिथवर कुणी पोचलंच नव्हतं.

काही मैत्रिणी म्हणतात, पुरुषांना कोंडणं हे आपलं राजकारण नव्हे. खरंच नव्हे. पण रुकय्या विचारते ते वेगळंच: वेडे मोकाट सुटले तर आपण वेड्यांना धरून आत टाकतो ना? मग धोका पुरुषांकडून असताना दाराआड बाई का? हा विनोद तर्कावर चालतो, म्हणून मी त्याला विज्ञानलेखनात धरते. विसरभोळा शास्त्रज्ञ नि त्याची कटकटी बायको, हा आपल्याकडचा जुना विनोद मात्र काहीच तपासून बघत नाही.

सध्या चौथी पुस्तिका लिहितेय, रक्तक्षयावर. तिच्यात बाईचं रक्तच पंगतीत सगळ्यात शेवटी जेवायला बसलंय आणि पातेल्यात काही उरलेलं नाही. हे पहिल्याच पानावर आहे. गाळलंच, तर झेरॉक्स काढून वाटू.