रोग रेड्याला, औषध पखालीला

दमट हवेत गजकर्ण फोफावते, हे रेवदंड्याच्या किनाऱ्यावर कोणाला सांगायला नको. पूर्वी टर्बिनाफिनच्या काही आठवड्यांच्या उपचाराने हटणारे हे दुखणे आता अनेकांना महिनोन्‌महिने छळते. कारण बुरशीच बदलली आहे. भारतीय व नेपाळी रुग्णांत सापडलेल्या, या औषधाला न जुमानणाऱ्या बुरशीला जपानी संशोधकांनी 2020 मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ हे नाव दिले.

तिच्यावर कोणते औषध चालेल, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. प्रयोगशाळेत बारीक खळग्यांच्या तबकडीत औषध निम्म्या-निम्म्याने पातळ करीत नेतात, प्रत्येक खळग्यात बुरशीचे बीजाणू सोडतात आणि किती कमी मात्रेत वाढ थांबते, ते काही दिवसांनी पाहतात. ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे. स्टेरॉईडमिश्रित मलम मात्र सहज हाती पडते. त्याने खाज शमते, बुरशी पसरते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

म्हणूनच चिवट गजकर्णाचा नमुना अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातून प्रयोगशाळेत जावा आणि निकाल रुग्णाच्या डॉक्टरांपर्यंत परत यावा, अशी नियमित व्यवस्था हवी. आपणही एवढे पाळावे: शेजाऱ्याला लागू पडलेले मलम आपल्या अंगाला लावू नये, टॉवेल वेगळा ठेवावा आणि खाज थांबली म्हणून डॉक्टरांना न विचारता औषध सोडू नये.