कुंपणाला कुंती नव्हे, करवंद लावा!

घराभोवती हिरवेगार कुंपण असावे, बारा महिने त्याची पाने टिकावीत, वर्षातून एकदा फुले यावीत आणि मग लाल-पिवळ्या फळांचे घोस लटकावेत, ही हौस आता सिव्हिल लाइन्समधील बंगल्यांपुरती राहिलेली नाही. जाफर नगरपासून कामठीपर्यंत ज्याने चार पैसे गाठीला बांधून घर उभे केले, तोही दारात चार झुडपे लावतो. ही चांगलीच गोष्ट आहे. हौसेला मोल नसते असे म्हणतात. पण ही झुडपे विकणारा, लावणारा, छाटणारा आणि त्यांच्यापासून कधी नफा तर कधी तोटा सोसणारा माणूस बहुधा आपल्याच समाजातला असतो. म्हणून हौसेचे मोल या पानावर मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

मुद्दा सरळ आहे. नागपुरात फळे धरणारे सदाहरित कुंपण लावायचे असेल, तर ते करवंदाचे लावावे. कुंतीचे लावू नये. हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. या शहराचे नाव ज्या फळामुळे जगाला माहीत झाले, त्या संत्र्याच्या हिताचा प्रश्न आहे.

रोपवाटिकेत काय मिळते?

थंड देशांत होली, पायराकँथा यांसारखी लाल फळांची झुडपे बागेत लावतात. परदेशी मासिकातील चित्र पाहून कोणी तशी रोपे मागवील, तर मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की त्याचा पैसा वाळलेल्या काड्यांच्या रूपाने कुंडीत उभा राहील. आपल्याकडे टिकणारी झुडपे वेगळी आहेत.

रोपवाटिकांत अशी तीन झुडपे हमखास दिसतात. पहिले ड्युरांटा. वाढ झपाट्याची, निळी-जांभळी फुले आणि सोनेरी मण्यांसारखी फळे. दिसायला मोहक, परंतु ही फळे विषारी आहेत. घरात लहान मूल असेल तर फळावर येणारा ड्युरांटा दारात नको. मदरसा, अंगणवाडी किंवा शाळेच्या आवारात तर मुळीच नको.

दुसरे एक्झोरा. लाल-केशरी फुलांचे गुच्छ, नंतर छोटी गडद फळे. झुडूप निरुपद्रवी आहे, पण नागपूरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत त्याला लोह मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. कुंडीत लाल माती घालून लावले तर शोभा देते. कुंपणाचे काम त्याच्याकडून होत नाही.

तिसरी कुंती. रोपवाटिकेत तिला कामिनी किंवा मधुकामिनी म्हणतात. गर्द चकचकीत पाने, पावसाळी संध्याकाळी मोगऱ्याच्या तोडीचा सुगंध आणि नंतर बुलबुलांना आवडणारी लालचुटूक फळे. छाटावी तशी भिंतीसारखी दाट होते. गिऱ्हाईक तिच्यावर भाळते यात नवल नाही. अडचण नेमकी येथेच आहे.

संत्र्याचा शत्रू कुठे पोसला जातो?

कुंती ही संत्र्या-लिंबाच्याच कुळातली. त्यामुळे संत्र्याची एक कीड तिच्यावर सुखाने राहते. तिला आपले शेतकरी सिट्रस सायला म्हणतात. ही चिमुकली कीड कोवळ्या पालवीवर अंडी घालते आणि रस शोषते. एवढ्यावर भागले असते तर फवारणीने काम झाले असते. परंतु हीच कीड ग्रीनिंग नावाच्या रोगाचे जंतू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. या रोगात पानांवर वेडेवाकडे पिवळे चट्टे पडतात, फळ लहान आणि एका बाजूला कलते, त्याचा काही भाग हिरवाच राहतो, चव कडवट होते. मग एकेक फांदी वाळत जाते. रोग जडलेले झाड बरे करणारे औषध आजही उपलब्ध नाही.

संत्र्याला नवी पालवी बहाराबरोबर येते. मधल्या काळात किडीची उपासमार होते. पण जवळच कुंतीचे कुंपण असेल आणि माळी दर महिना-दोन महिन्यांनी त्याला कात्री लावत असेल, तर प्रत्येक छाटणीनंतर तिला कोवळी पालवी फुटते. म्हणजे आपण आपल्या हाताने शत्रूला दाणापाणी पुरवतो! कुंती मात्र बाहेरून धडधाकट दिसते, त्यामुळे संशय येत नाही.

हे भय कल्पनेतले नव्हे. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात ग्रीनिंग २००५ साली आढळला. त्यानंतरच्या दोन दशकांत तेथील संत्र्याचे उत्पादन नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. रसाचे कारखाने, पॅकिंगची केंद्रे बंद पडली. ब्राझीलमध्ये हा रोग २००४ मध्ये आढळला आणि तेथील संत्रापट्ट्यातील काही नगरपालिकांनी शोभेची कुंती लावण्यास मनाई केली. आपल्या देशात हा रोग जुना आहे, आणि विदर्भात सायला सर्वांच्या ओळखीची आहे. १९८५ साली नागपुरात लिंबूवर्गीय फळांसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. आज ते केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या नावाने अमरावती रोडवर काम करते. ज्यांना शंका असेल त्यांनी तेथील शास्त्रज्ञांना अवश्य विचारावे.

कोणी म्हणेल, मोमिनपुऱ्यातील घरापासून संत्र्याची बाग कोसो दूर आहे, मग कुंतीने काय बिघडते? हा आक्षेप आम्ही गैर मानत नाही. दाट वस्तीत धोका कमी हे खरे. परंतु नागपुरातील रोप नागपुरात राहत नाही. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर येथील शेतघरांसाठी, थेट बागांच्या बांधावर लावण्यासाठी, रोपांच्या गाड्या येथूनच भरून जातात. विकणाऱ्याला रोप कुठे जाणार हे माहीत असते. म्हणून जबाबदारीही त्याच्यावर येते. कढीपत्त्यावरही ही कीड राहते, पण म्हणून कोणी घरचा कढीपत्ता उपटावा असे आम्ही म्हणणार नाही. एक झाड सांभाळता येते. शंभर फुटांचे कुंपण सांभाळणे अवघड असते.

बागवानाचा धर्म

महाराष्ट्रातील फळांच्या व्यापारात बागवान बिरादरीचे स्थान मोठे आहे. या फारसी शब्दाचा अर्थच बाग राखणारा असा होतो. कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या हंगामात अडत, हमाली, पेटीबांधणी, वाहतूक या प्रत्येक कामावर आपल्या अनेक कुटुंबांची चूल पेटते. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण बागच गेली तर मानांकनाचा कागद घेऊन काय करायचे? संत्र्याचा एक व्यापारी रोपवाटिकेतून शोभेची कुंती आपल्या शेतघरी नेतो आणि त्याला कोणी सावधही करीत नाही, ही गोष्ट आम्हाला खटकते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आतले धान्य ओले लागले, तेव्हा त्यांनी विक्रेत्याला काय सुनावले हे आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. मालातला दोष ग्राहकापासून लपवणे म्हणजे फसवणूक. संत्रा बागायतदाराला कुंती विकताना गप्प बसणे हीदेखील ओली रास झाकून ठेवण्याचीच रीत आहे. दोन रोपे कमी विकली गेली तरी चालतील. ग्राहकाला सांगितले पाहिजे.

करवंद कसे लावावे?

आता पर्याय पाहू. करवंद आपल्या मातीतले. बारा महिने हिरवे, उन्हाचा कडाका सोसणारे, जाईसारख्या पांढऱ्या सुगंधी फुलांचे. फळ आधी हिरवे, मग गुलाबी-लाल आणि पिकल्यावर काळे-जांभळे. दिसायला ड्युरांट्याहून कमी नाही आणि खायलाही चालते. काटे असे की शेळी किंवा चोर, दोघेही दुरूनच सलाम करतात.

भारी काळ्या जमिनीत पाणी साचले तर मात्र ते कुजते. यासाठी दीड फूट खोल चर खणून त्यात माती, शेणखत आणि मुरूम मिसळून भरावा. मृगाचा पाऊस चांगला मुरला की जुलैमध्ये रोपे लावावीत. दोन रोपांत अडीच फूट अंतर ठेवल्यास शंभर फुटांना ४१ रोपे लागतात. दाट कुंपण हवे असेल तर दुसरी ओळ आडव्या फटीत बसवावी. रोपे दुप्पट धरावीत. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे लागते, पुढे झुडूप आपले आपण पाहते. पहिली दोन वर्षे शेंडे खुडत राहिल्यास बुडाशी फांद्या दाट होतात. नाहीतर वर छत्री आणि खाली भगदाड अशी गत होते.

एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. भिंतीसारखे कापलेले कुंपण आणि भरघोस फळ या दोन्ही गोष्टी एकाच झुडपाकडून मिळत नाहीत. फळ हवे असेल तर तोडा संपल्यावर एकदाच छाटावे आणि फुलोऱ्याच्या आधी कात्री लावू नये. बियांच्या रोपांना साधारण तिसऱ्या वर्षी फळ लागते. काटे असल्यामुळे पायवाटेला आणि मुले खेळतात त्या अंगणात करवंद नको, हद्दीवर हवे.

धंद्याच्या चार वाटा

पहिली वाट रोपांची. करवंदाचे बी फार दिवस टिकत नाही, म्हणून पिकलेल्या फळातून काढून, धुऊन लगेच पिशवीत लावावे लागते. फांदीची काडी सहसा मुळे धरत नाही; पावसाळ्यात गुटी बांधली तर जमते. मोठ्या फळासाठी पंतनगर विद्यापीठाच्या 'पंत मनोहर', 'पंत सुदर्शन', 'पंत सुवर्णा' आणि दापोलीची 'कोकण बोल्ड' या जाती आहेत. अंगण किंवा गच्ची असलेल्या घरातील स्त्रियाही हे काम करू शकतात.

दुसरी वाट लावणी आणि छाटणीची. रोप विकून मोकळे होण्यापेक्षा कुंपण लावून दोन वर्षे सांभाळून देण्याचा ठेका घ्यावा. कात्री, कोयता तयार करणाऱ्या आणि त्यांना धार लावणाऱ्या आपल्या कारागिरांनाही त्यातून काम मिळते.

तिसरी वाट कच्च्या फळाची. लोणचे, चटणी, मुरंबा, जेली या सर्वांना करवंद चालते. त्यात पेक्टिन भरपूर असल्याने जेली सहज जमते. तोडताना फळाचा चीक हाताला चिकटतो, म्हणून आधी तेल लावावे.

चौथी वाट बेकरीवाल्यांसाठी. केकवर, बनमध्ये किंवा पानाच्या विड्यावर टोचलेली जी लाल 'चेरी' आपण पाहतो, ती बहुतेक वेळा चेरी नसून पाकवलेले करवंद असते. लाल होऊ लागलेली फळे घेऊन मिठाच्या पाण्यात ठेवतात, बी काढतात, धुऊन रंग देतात आणि साखरेच्या पाकात टप्प्याटप्प्याने मुरवतात. घाईने एकदम दाट पाकात टाकले तर फळ सुरकुतते. बेकरी हा आपल्या लोकांचा पिढीजात धंदा आहे. तो माल बाहेरून आणण्याऐवजी चार बेकरीवाल्यांनी मिळून येथेच का करू नये? मात्र अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी करावी, रंग मान्यताप्राप्त आणि ठरलेल्या प्रमाणातच वापरावा आणि डब्यावर 'करवंद' असे स्वच्छ लिहावे. करवंद हे लपवण्याचे नाव नाही.

कब्रस्तानाची हद्द

एक शेवटची सूचना विश्वस्तांसाठी. विदर्भात अनेक गावी कब्रस्तान आणि ईदगाहच्या जमिनींना कुंपण नाही. पक्क्या भिंतीसाठी वर्गणी जमेपर्यंत वर्षे जातात आणि तोवर कडेची जमीन इंचाइंचाने सरकते. अशा ठिकाणी हद्दीवर करवंद लावावे. कबरींच्या जागेत नव्हे, कडेला. झुडूप हा मालकीचा पुरावा होत नाही; मोजणी आणि कागदपत्रे वेगळी सांभाळलीच पाहिजेत. पण मोजलेल्या रेषेवर उभे राहिलेले काटेरी कुंपण सहज मागे-पुढे सरकवता येत नाही. त्याची फळे विकली तर पैसा वक्फच्या हिशेबातच जमा व्हावा, एक दाणाही खाजगी नव्हे.

शोभेसाठी आणलेले झुडूप डोईजड कसे होते हे घाणेरीने आपल्याला दाखवले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बागेची शोभा म्हणून ती या देशात आणली गेली आणि आज जंगलेच्या जंगले तिने व्यापली. कुंतीच्या बाबतीत निदान आपण आधी विचार करू शकतो.

मुसलमानाने झाड लावले आणि त्याचे फळ माणसाने, पाखराने वा जनावराने खाल्ले, तर तो लावणाऱ्याच्या नावे सदका ठरतो, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. पुढचा पावसाळा येण्याआधी चर खणून ठेवावेत. रोपवाटिकावाल्यांनी करवंदाची रोपे पुढच्या ओळीत मांडावीत, ग्राहकांनी नाव घेऊन मागावीत आणि संत्र्याच्या व्यापाऱ्यांनी आपल्या ओळखीच्या बागायतदाराला कुंतीबद्दल एक शब्द सांगावा. यात कोणाचेच नुकसान नाही. बुलबुलाचे तर नाहीच. त्याला करवंदही आवडते.